मुलींच्या कमाईसाठी निधी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुलींना कमावतं करणाऱ्या उपक्रमांसाठी निधी कसा उभारायचा, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रं गावपातळीवर काम करणाऱ्या छोट्या संस्थांची आहेत. त्यातले वरचेवर येणारे प्रश्न निवडून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : आमची संस्था नोंदवून दोन वर्षं झाली. १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या आहेत. कंपन्यांकडे सीएसआर निधी (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्च करायचा पैसा) मागता येईल का? (हिंगोली जिल्हा)

थेट मागायला आणखी एक वर्ष थांबा. कंपनीने स्वतः न स्थापलेल्या संस्थेला सीएसआरचं काम द्यायचं, तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, असा नियम आहे. ‘तशाच कामाचा’ हे शब्द नीट वाचा. तीन वर्षं वृक्षारोपण केलं आणि आता मुलींचं प्रशिक्षण घ्यायचं म्हटलं, तर कंपनीचा सीएस (कंपनी सेक्रेटरी) फाईल परत पाठवणार. त्यामुळे या वर्षात छोटा का होईना, पंधरा-वीस मुलींचा एखादा वर्ग स्थानिक देणग्यांवर चालवा. हजेरीपट, खर्चाची व्हाउचरं आणि लेखापरीक्षणाचा अहवाल जपून ठेवा. पुढे हाच तुमचा अनुभव म्हणून दाखवता येईल.

१ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. क्रमांक मिळाला म्हणजे निधी मंजूर झाला असं मात्र नाही. तो फक्त उंबरठा.

कागद अडकतात ते बहुधा धर्मादाय आयुक्तांकडे. विश्वस्त बदलले, ठराव झाला, पण चेंज रिपोर्ट (बदल नोंदवायचा अर्ज) दाखलच केला नाही, किंवा केला तो वर्षानुवर्षं पडून आहे. मग परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) एक नावं, बँकेत सहीला दुसरी, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीच्या सरकारी दर्पण पोर्टलवर तिसरी. कंपनीची छाननी करणारी एजन्सी पहिल्यांदा हेच ताडून बघते. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज दाखल करायचा असतो. राहून गेला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडून आजच करा आणि त्याची पोच प्रस्तावासोबत ठेवा. तुमची १२ए आणि ८०जी नोंदणी नवी म्हणजे बहुधा तात्पुरती असणार. तशी नोंदणी तीन वर्षांचीच असते. नियमित नोंदणीसाठी मुदत संपायच्या सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा अर्ज करावा लागतो. काम सुरू होऊन बराच काळ झाला असेल तर हा कागद आजच तुमच्या सीएला दाखवा.

प्रश्न : १०० मुलींना शिवणकाम शिकवून प्रत्येकीला शिलाई मशीन द्यायचा प्रस्ताव आम्ही तीन कंपन्यांना दिला. तिन्हीकडून नकार आला. कारण कुणी सांगत नाही. काय चुकलं? (बीड जिल्हा)

प्रस्ताव न बघता सांगायचं तर तीन शक्यता आहेत, आणि तिसरी सर्वांत मोठी.

पहिली, कंपनीची निवड. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या कलम १३५ मध्ये कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. बीडचा प्रस्ताव चाकणच्या कारखान्याला पाठवला, तर तो ढिगात जातो. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीने कुठे, कशावर किती खर्च केला हे फुकट बघायला मिळतं. तिथे शोधून, तुमच्या जिल्ह्यात आधी पैसे टाकलेल्या आठ-दहा कंपन्यांची यादी करा. खासगी साखर कंपन्या आणि जिल्ह्यात शाखांचं जाळं असलेल्या खासगी बँका नजरेतून सुटतात. सहकारी साखर कारखान्याला मात्र हे कलम लागू नाही, कारण तो कंपनीच नाही. खुद्द कंपन्यांनाही ते सरसकट लागू नाही. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एक तरी टप्पा गाठलेला हवा.

दुसरी, वेळ. बहुतेक कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला संचालक मंडळापुढे जातो. साधारण जानेवारी ते मे या काळात पोचलेला प्रस्ताव त्यात बसू शकतो. दिवाळीनंतर पोचलेल्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर असतं.

आता तिसरी. मशीन दिल्यावर मुलगी कमवायला कशी लागणार, हे तुमच्या प्रस्तावात आहे का? गणित करून बघा. गावात ४०० उंबरे आहेत आणि घरटी वर्षाला सहा ब्लाउज बाहेर शिवायला जातात, असं धरा. झाले २,४०० ब्लाउज. गावात २५ मुलींना मशीन दिलं, तर एकीच्या वाट्याला वर्षाला ९६, म्हणजे महिन्याला आठ. शिलाई २०० रुपये धरली तर महिन्याला १,६०० रुपये. त्यातून दोरा, अस्तर, हुक, वीज वजा करा. शिवाय गावात आधीपासून शिवणाऱ्या बायका आहेतच, त्या काही हात जोडून बसणार नाहीत. सीएसआर अधिकाऱ्यांनी चादर टाकून कोपऱ्यात ठेवलेली मशीनं भरपूर पाहिलेली असतात. प्रस्तावात ‘१०० मशीनं’ वाचलं की त्यांना तेच दिसतं.

याला दोन वाटा आहेत. एक, कारखान्यातलं काम. मग पायमशीनवर शिकवून उपयोग नाही. कपड्यांच्या युनिटमध्ये जुकी (कारखान्यातलं विजेवरचं शिलाई मशीन) आणि ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणारं मशीन) चालतात, तिथे अख्खा कपडा कुणी शिवत नाही. एकीकडे कॉलर, दुसरीकडे बाही, आणि तासाला किती नग निघाले यावर मोजमाप. सोलापूरचा गणवेशाचा धंदा किंवा बारामतीचं टेक्स्टाईल पार्क अशा ठिकाणच्या एखाद्या युनिटशी आधी बोला. त्यांना कोणत्या ऑपरेशनला माणसं हवीत, पहिल्या महिन्यात पगार किती, राहण्याची सोय काय, हे लिहून घ्या. पत्रावर युनिटचा शिक्का असेल, तर प्रस्तावाचं वजन दुप्पट होतं. दुसरी वाट गावातच थांबणाऱ्या मुलींची. तिथे २५ जणींना ब्लाउज शिकवण्याऐवजी पाच-सहा जणींना ब्लाउज, दोघींना पिको-फॉल, आणि बाकीच्यांना आसपासच्या गावांत ज्याची टंचाई आहे ते शिकवा. मोबाइल दुरुस्ती, महा-ई-सेवा केंद्राचं काम, रुग्णसेवा, दुधाचं संकलन आणि फॅट तपासणी. आठवडी बाजारात दोन दिवस बसून दुकानदारांना विचारलं, तरी यादी निघते.

बीडमध्ये आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. आईवडिलांचा कोयता गेला की मुलगी एक तर फडावर, नाही तर मागे धाकट्या भावंडांपाशी. तुमचा वर्ग ऑक्टोबरात सुरू होत असेल, तर निम्मी हजेरी तिथेच गेली. मे ते सप्टेंबर हा काळ धरा, लग्नसराईचे आठवडे हलके ठेवा, आणि मागे राहणाऱ्या मुलींसाठी वर्गाला लागून सांभाळघराचा खर्च मागा. असा स्थानिक तपशील बघूनच वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. पहिल्या चार पानांत देशातल्या महिलांच्या स्थितीवर निबंध लिहिण्यापेक्षा अर्धं पान यावर लिहा.

प्रश्न : अंदाजपत्रकात कार्यकर्त्यांचा पगार दाखवला की कंपनी ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको’ म्हणते. मग काम कोण करणार? (नाशिक)

ही गैरसमजातून आलेली अडचण आहे. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. प्रशिक्षिका, समन्वयक, गावसंपर्क कार्यकर्ती हे प्रकल्पाचेच लोक. त्यांना ‘प्रशासन’ या शीर्षाखाली टाकलंत, की आपणच आपला पाय कापला. ‘कार्यक्रम खर्च’ याखाली लिहा आणि प्रत्येकीचं काम एका ओळीत द्या. एखादी कंपनी स्वतःच्या धोरणाने मर्यादा घालू शकते, पण ती तिची निवड आहे, कायद्याची सक्ती नव्हे. बैठकीत हे शांतपणे सांगावं.

नमुन्यादाखल ६० मुलींचा वर्षाचा प्रकल्प घेऊ. ३०-३० च्या दोन तुकड्या, प्रत्येक तुकडी दोन पाळ्यांत, म्हणजे एका वेळी १५ मुली आणि १५ मशीनं. आकडे तुमच्या भागातल्या कोटेशनप्रमाणे बदला.

दोन प्रशिक्षिका, दरमहा २२,००० प्रमाणे दहा महिने : ४,४०,०००. एक समन्वयक, २५,००० प्रमाणे बारा महिने : ३,००,०००. दोन गावसंपर्क कार्यकर्त्या, १४,००० प्रमाणे बारा महिने : ३,३६,०००. पंधरा जुकी, २८,००० प्रमाणे : ४,२०,०००. दोन ओव्हरलॉक : ७०,०००. कापड-दोरा, मुलीमागे ३,००० : १,८०,०००. प्रवास, रोज ४० रुपये, ९० दिवस, ६० मुली : २,१६,०००. जागा आणि वीज : १,८०,०००. काम लागल्यानंतरचा सहा महिन्यांचा पाठपुरावा : ६०,०००. लेखापरीक्षण : ३०,०००. कार्यालयीन खर्च : १,२८,०००. बेरीज २३,६०,०००.

मुलीमागे सुमारे ३९,३०० रुपये झाले. पण समजा ६० पैकी ४२ जणी प्रत्यक्ष कमावू लागल्या, तर कमावत्या मुलीमागे ५६,२०० पडले. हा दुसरा आकडा कंपनी काढतेच, तेव्हा तुम्हीच आधी द्या. प्रवासाचं भाडं एसटीच्या निम्म्या तिकिटाने धरा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. पूर्ण भाडं लावलेलं अंदाजपत्रक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि मग तो बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघतो. मात्र प्रवासाचं शीर्षच गाळू नका. वर्ग सुटण्याचं एक मोठं कारण तेच असतं.

मशीनं कुणाच्या नावावर राहणार हेही लिहा. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थींच्या बचतगटासारख्या समूहाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर हवी. डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद आणि मशीनवर क्रमांक, दोन्ही पहिल्याच दिवशी.

प्रश्न : आमच्या मुली १५ ते १७ वयाच्या आहेत. त्यांना छोटा धंदा सुरू करायला बीजभांडवल देणारा निधी मिळेल का? (नंदुरबार)

मिळेल, पण त्या वयाला धंदा आणि नोकरी हे उद्दिष्ट ठेवू नका. अठराच्या आत केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे कर्ज मिळत नाही. १४ ते १८ वयाला धोक्याच्या उद्योगांत काम देता येत नाही. जिथे देता येतं तिथेही संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मनाई आणि मधल्या सुटीसकट दिवसाला सहा तासांची मर्यादा. हे माहीत असलेला देणगीदार ‘१६ व्या वर्षी उद्योजिका’ असं वाक्य दिसलं की बिचकतो, आणि त्याचं बरोबर आहे.

या वयासाठी तीन गोष्टींना पैसे मागा. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून दहावी-बारावीला बसवणं, त्याची फी आणि शिकवणीसह. पैशाचा व्यवहार शिकवणं : दहा वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, तेव्हा मुलीच्या नावावर खातं आणि पासबुक तिच्या हातात. आणि दहावीनंतर आयटीआयच्या ट्रेडची ओळख, कार्यशाळेत नेऊन. बीजभांडवल १८ पूर्ण झाल्यावर द्यायचं असं टप्प्यांत लिहिलं, तर तीन वर्षांचा प्रकल्पही मागता येतो.

बालसंरक्षण धोरण जोडा. एका पानाचं चालेल, पण तक्रार कुणाकडे, चोवीस तासांत काय करायचं हे त्यात हवं. पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याखाली गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘घरातलं प्रकरण’ म्हणून दाबता येत नाही. अहवालात मुलींचे चेहरे, पूर्ण नाव आणि गाव एकत्र छापू नका.

प्रश्न : न्यू जर्सीतले आम्ही काही मराठी लोक दर वर्षी पैसे गोळा करून कोकणातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाला आणि संगणक वर्गाला पाठवू इच्छितो. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) नाही. तिथल्या नातेवाइकांच्या खात्यातून दिले तर चालेल का? (अमेरिका)

नाही. पैसे कुणाच्या खात्यातून फिरून आले यावर काही ठरत नाही. मूळ स्रोत परदेशी असेल, तर ते पुढच्या हातातही परदेशी योगदानच राहतं, आणि त्यात अडकते ती कोकणातली संस्था.

देणारा कोण ते बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. पासपोर्टची प्रत संस्थेने घेऊन ठेवावी. अमेरिकी नागरिक झालेले, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलेले सुद्धा, परदेशी स्रोत ठरतात. आणि तुम्ही मंडळ म्हणून एकत्र गोळा केलेत, तर सभासदांचे पासपोर्ट कोणतेही असोत, देणारं मंडळ परदेशी.

संस्थेला नोंदणी हवी असेल तर किमान तीन वर्षांचं अस्तित्व आणि गेल्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च लागतो. नसेल, तर विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. तुमच्या मंडळाचं रक्कम आणि हेतू लिहिलेलं पत्र त्याला जोडावं लागेल. पैसे येतात ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच. ‘एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेला द्या, ती पुढे देईल’ हा जुना मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तुम्हाला अमेरिकेत करसवलत हवी असेल, तर देणगी तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेलाच द्यावी लागते, थेट भारतात पाठवून ती मिळत नाही.

याच्या उलट एक भीती मात्र विनाकारण बाळगली जाते : बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतीय कंपनीचा सीएसआर. तिची परकीय गुंतवणूक त्या क्षेत्रासाठी ठरलेल्या मर्यादेत असेल, तर तिला परदेशी स्रोत धरत नाहीत. कंपनीकडून तसं लेखी घ्या आणि साध्या खात्यात रक्कम स्वीकारा.

प्रश्न : एक गृहस्थ १० टक्के आगाऊ घेऊन ५० लाखांचा सीएसआर ‘काढून देतो’ म्हणतात. (अहिल्यानगर)

देऊ नका. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरावीक फी देणं वेगळं, मंजुरीवर टक्केवारी देणं वेगळं. ही टक्केवारी अंदाजपत्रकात कुठे दाखवणार? खोट्या बिलात. मग उपयोगिता प्रमाणपत्रावर (निधी ठरल्या कामालाच खर्च झाल्याच्या दाखल्यावर) तुमच्या अध्यक्षांची सही. आणि मंजूर रकमेतला काही भाग रोखीने परत मागणारा भेटला, तर दुसरा कप चहाही न घेता उठा.

प्रश्न : कंपनीने २८ मार्चला १२ लाख रुपये जमा केले. तीन दिवसांत खर्च कसा करायचा? (कोल्हापूर)

करू नका. मार्चअखेर घाईने फिरवलेली बिलं लेखापरीक्षणात पहिल्यांदा सापडतात. आयकरात उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षी उद्दिष्टासाठी लावायची असते हे खरं, पण उशिरा मिळालेली रक्कम पुढच्या वर्षी खर्च करण्याचा पर्याय आहे. तो विवरणपत्राच्या आधी, ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नोंदवावा लागतो. मुदत चुकली तर कर बसू शकतो, म्हणून एप्रिलमध्येच सीएला सांगून ठेवा. कंपनीला स्पष्ट कळवा की रक्कम शिल्लक आहे आणि तिमाही खर्च असा होईल. प्रकल्प तिने ‘चालू प्रकल्प’ (एकाहून जास्त वर्षं चालणारा) म्हणून मंजूर केला आहे का, हे विचारा. तसा असेल तर सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षं मिळतात. रोख देताना एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० च्या वर देऊ नका, दिलीत तर ती सगळी रक्कम खर्चात धरली जात नाही. फलकावर कंपनीचं नाव आभारापुरतं लिहिलं तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. तिच्या मालाची जाहिरात झाली तर येतो.

प्रश्न : प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी कंपनी उत्पन्नाचे आकडे मागते. निम्म्या मुलींचे फोन लागत नाहीत. (लातूर)

फोन बहुधा मुलीचे नव्हतेच. वडिलांचा किंवा भावाचा नंबर, आणि लग्न झालं की संपर्क तुटला. प्रवेशाच्या दिवशी तीन नंबर घ्या : घरचा, मावशी किंवा मैत्रिणीचा, आणि गावातल्या आशाताई किंवा अंगणवाडीताईंचा. लग्न ठरल्याचं कळलं की सासरचं गाव नोंदवा.

आधीचं उत्पन्न प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या, खुरपणीला गेलेले दिवस आणि मजुरी धरून. नाही तर नंतरच्या ४,००० रुपयांना अर्थ राहत नाही, आधी ती शेतमजुरीत तेवढेच कमवत असेल. नोकरीला पगारपत्रक किंवा पासबुकातली नोंद हा पुरावा. घरी शिवणारीला ऑर्डरची वही द्या : तारीख, काम, मिळालेले पैसे, खर्च. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्या वहीच्या पानाचा फोटो पुरतो.

न सापडलेल्या मुलींना ‘कमावत्या’त धरू नका. ‘संपर्क नाही’ असा वेगळा रकाना ठेवा आणि नोकरी सोडलेल्यांची कारणं लिहा : वसतिगृह नाही, रात्रपाळी, लग्न, पगार उशिरा. या कारणांवरूनच पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात वसतिगृहाचं भाडं मागता येतं.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, संस्था वगैरे काही नाही. मला स्वतःला अनुदान मिळेल का? (रत्नागिरी)

निव्वळ अनुदान क्वचित, कर्जाला जोडलेलं मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलेला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के अशी रचना आहे. अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं कर्जखात्याशी जोडलेल्या ठेवीत राहतं, आणि युनिट बंद पडलं तर जातं. धंदा नवा हवा. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तुमचा धंदा यादीत बसतो का ते विचारा आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना भेटा, कारण कर्ज द्यायचं की नाही हे शेवटी बँक ठरवते. पन्नास हजारांच्या आत काम भागत असेल, तर केंद्राच्या मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज सोपं पडेल. त्यात अनुदान नाही, पण तारणही नाही. दोन्हींसाठी यंत्राचं जीएसटी असलेलं कोटेशन आणि जागेचा कागद आधी तयार ठेवा.